वास वर आला नाही

"मधुताई, उद्या इन्क्वेस्टमध्ये, त्या चौकशीच्या कोर्टात, मी सांगून टाकणार आहे. यांना मीच मारलं."

फोनवर सुनीती वर्तक बोलत होती. बसचं टाइमटेबल वाचून दाखवावं तशी.

"मी येईपर्यंत कोणालाही काही सांगू नकोस," असं म्हणून डॉ. मधुमती रेगे यांनी फोन ठेवला आणि कोट चढवला.

मधुमतीबाईंनी तीस वर्षं लंडनच्या हॉस्पिटलांत भूल देण्याचं काम केलं होतं. गेल्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या होत्या. निवृत्त माणसाने बाग करावी, ब्रिज खेळावा, असं सगळे सांगत. बाईंना दोन्हींचा कंटाळा होता. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणं त्यांना जास्त जमे, आणि तसं त्या स्वतःच कबूल करत.

ही भानगड मात्र साधी नव्हती. सत्याऐंशी सालचा जानेवारी, हाडं गोठवणारा. संक्रांतीचं हळदीकुंकू रविवारी वेम्बलीच्या एका हॉलमध्ये होतं. सुनीती आणि तिची सतरा वर्षांची मुलगी उल्का तिकडे गेल्या. सुनीतीचा नवरा डॉ. शशिधर, हाडांचा सर्जन, जेवून स्टॅनमोरच्या घरी वामकुक्षीला वर गेला आणि उठलाच नाही. ब्रिस्टलहून सणाला आलेला त्याचा धाकटा भाऊ अतुल संध्याकाळी घरी परतला, तेव्हा त्याला तो सापडला. कार्बन मोनॉक्साइड, असं पोस्टमॉर्टेमने सांगितलं. म्हणजे हीटर.

हीटरवाल्या तपासनिसाला यंत्रात काहीच दोष दिसला नाही. त्याने एवढंच लिहिलं, की स्वयंपाकघरातली गरम हवेची जाळी फॉइल आणि टेप लावून बंद केलेली आढळली. ती सुनीतीने बंद केली होती.

महिनाभर मराठी मंडळी हळहळत होती आणि हळहळता हळहळता कुजबुजतही होती.

दार उल्काने उघडलं आणि ती तशीच जिना चढून गेली. घर गारठलेलं होतं. हीटरचा गॅस तोडलेला, दिवाणखान्यात दोन कांड्यांचा विजेचा हीटर. सुनीती कोट घालून त्याच्यासमोर बसली होती. तिच्या हातातल्या चहावर साय धरली होती.

शुद्ध हरपलेली माणसं बाईंनी हजारोंनी पाहिली होती. पण डोळे उघडे ठेवून बधीर झालेलं माणूस पाहून त्यांना भीती वाटली.

"जाळी कधी बंद केलीस?"

"दसऱ्याला. फोडणीचा वास त्या जाळीतून शिरून घरभर जातो, असं वाटायचं मला."

"म्हणजे तीन महिने ती बंदच होती. कोणाला त्रास झाला?"

"नाही."

"त्या रविवारी सकाळी?"

सुनीतीने आठवायला वेळ घेतला. "डोकं दुखत होतं. माझं, उल्काचं. रात्री तीळ भाजले होते, त्यानेच असेल. वेम्बलीला गेल्यावर उतरलं."

"आणि शशी?"

"ते खुशीत होते. मी आमटीला फोडणी दिली, तेवढ्यात अंघोळ करून खाली आले. म्हणाले, आज वास वर आला नाही, तुझी फॉइल पावली बघ." ती हातातल्या कपाकडे बघत म्हणाली, "इतकी घट्ट बसली होती ताई, की हवासुद्धा कोंडली. मग मला म्हणाले, तुम्ही जा, भांडी मी घासतो. पुण्यात कधी पेला विसळला नव्हता त्यांनी. डाळ करपलेला कुकरसुद्धा घासून ठेवला होता. नुसतं गरम पाणी सोडलं असेल तासभर."

"फॉइल पोलिसांना कोणी दाखवली?"

"अतुलभावजींनी. त्यांना खोटं बोलता येत नाही."

बाईंनी सुनीतीच्या हातातला चहा काढून घेतला आणि त्या वर गेल्या.

उल्का आईवडिलांच्या खोलीत, पलंगावर वडील झोपत त्या बाजूला बसली होती.

"आईशी बोलत नाहीस?"

"काय बोलू, मधुमावशी? तिने टेप लावली. वासासाठी! अँड ही'ज डेड."

"तुला त्या वासाचा त्रास नव्हता?"

उल्काने उशीचा कोपरा मुरगळला. "होता. माझी कोट स्मेल करते. बसमध्ये एक मुलगी नाक धरते. मी डॅडला सांगितला होता, जस्ट बिफोर ख्रिसमस."

"मग?"

"तो हसला. मग पेपर वाचत बसला. दॅट वॉज इट."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

खाली दार वाजलं. अतुल आला होता. चाळिशीचा, गोरा, विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. उद्याच्या इन्क्वेस्टसाठी तो ब्रिस्टलहून आला होता. हातात जुनी सूटकेस, तिची तुटलेली मूठ चकचकीत रुपेरी टेप गुंडाळून जोडलेली. त्याने सुनीतीसमोर खाली बसून मऊ आवाजात सांगितलं, "वहिनी, उद्या फार बोलू नका. चूक कोणाच्याही हातून होते. जज समजून घेतील."

"अतुल, जरा मला हा हीटर दाखव," मधुमतीबाई म्हणाल्या.

"मला विमानातलं कळतं, मधुताई. घरातल्या हीटरचं काय कळणार?"

"माझ्यापेक्षा जास्त कळत असेल."

हॉलमध्ये, जिन्याखाली, माणूस उभा राहील एवढं कपाट होतं. त्यात ते धूड. साठच्या दशकात ही घरं बांधली तेव्हा एका दगडात दोन पक्षी मारणारं यंत्र म्हणून बिल्डरांनी ते मिरवलं होतं. एका अंगाने खोल्यांना गरम वारा, दुसऱ्या अंगाने नळाला गरम पाणी. शेगड्या दोन, धुराडं एकच.

"वारा येतो कुठून?"

"हॉलमधून," अतुल म्हणाला. स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीलगत एक मोठी जाळी होती, तिकडे त्याने बोट केलं. "पंखा तिथून हवा आत ओढतो, ती तापते, आणि नळ्यांतून सगळ्या खोल्यांत जाते. खोल्यांतून फिरून पुन्हा हॉलमध्ये."

"कळत नाही म्हणतोस, पण छान समजावलंस हो."

अतुल हसला नाही.

बाईंनी कपाटात डोकं घातलं. वीस वर्षांची धूळ होती, गालिच्यासारखी जाड. हॉलच्या जाळीपासून पंख्यापर्यंत पत्र्याची एक चौकोनी नळी जात होती, आणि ती पंख्याला जिथे मिळत होती तिथे जोडावर रुपेरी टेपचा पट्टा होता. त्याच्यावर धुळीचा कणही नव्हता.

"शनिवारी दुपारी सुनीती आणि उल्का वाण आणायला गेल्या होत्या. तुम्ही दोघे काय करत होतात?"

"टीव्हीवर रग्बी बघितली."

"हीटरला हात?"

"नाही."

"रविवारी शशी सापडल्यावर?"

"खिडक्या उघडल्या. हीटर बंद केला. फोन केला. पोलिसांना सगळं सांगितलंय मी." त्याचा आवाज चढला. "हे सगळं आता कशाला?"

चोराच्या मनात चांदणं, बाईंच्या मनात आलं. पण त्या म्हणाल्या, "मला भूक लागली आहे. आमटी करते."

हीटरचा गॅस तोडला होता. वीज तोडली नव्हती, आणि स्वयंपाकघरातली शेगडी चालू होती. मधुमतीबाईंनी ड्रॉवरमधून फॉइल काढून जाळीवर पुन्हा पूर्वीसारखी घट्ट बसवली. मग हीटरवर उन्हाळ्यासाठी नुसता पंखा चालवण्याचं बटण होतं, ते दाबलं. घरघर सुरू झाली. सुनीती दारात येऊन बघत राहिली. आपल्या घरात काय चाललंय याच्याशी तिचा जणू संबंध नव्हता.

"उल्का, वरच्या खोलीचं दार लावून घे," बाई ओरडल्या.

कढईत तेल. मोहरी तडतडली. चिमटीपेक्षा जास्तच हिंग, आणि वर चार सुक्या मिरच्या मोडून. धुराचा लोट उठला, बाईंचेच डोळे पाणावले. स्वयंपाकघराच्या दारातून धूर हॉलमध्ये निघाला.

थोडा वेळ नुसती पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग वरून ठसका ऐकू आला, आणखी एक, आणि दार धाडकन उघडून उल्का जिन्यावर आली. "मधुमावशी! स्टॉप इट! सगळी खोली भरली!"

बाईंनी गॅस बंद केला. "या सगळेजण. बसा."

तिघं दिवाणखान्यात बसली. बाई उभ्याच राहिल्या. शिकवण्याची सवय जात नाही माणसाची.

"सुनीती, तुझ्या फॉइलने फोडणी अडली का?"

"नाही," सुनीती सावकाश म्हणाली.

"अडणारच नव्हती. स्वयंपाकघरातल्या जाळीतून वारा बाहेर येतो, आत जात नाही. वास जातो तो हॉलमधल्या जाळीतून. फॉइल लावून तू फक्त स्वतःच्या ओट्यापाशी थंडी करून घेतलीस. मग त्या रविवारी सकाळी वास वर का आला नाही?"



"कारण त्या दिवशी पंखा हॉलमधली हवा ओढतच नव्हता. पण वारा तर येत होता. मग तो कुठली हवा ओढत होता? कपाटातली. पत्र्याच्या नळीचा जोड कोणीतरी सोडवून ठेवला होता. वास थांबवायला नामी युक्ती. फक्त त्याच कपाटात पाण्याची शेगडी जळते. हॉलची हवा मिळेना म्हणून पंख्याने धुराड्यात जाणारा तिचा धूर उलटा खाली ओढला आणि तोच खोल्यांत सोडला. सकाळी थोडा, म्हणून तुम्हा दोघींची डोकी दुखली. रात्रीचे तीळ बिचारे उगीच बदनाम झाले. दुपारी शशीने तासभर गरम पाणी सोडलं, पाण्याची शेगडी पेटलेलीच राहिली, पंखाही चालू. वारा आणि पाणी, दोन्ही अंगं एकदम. आणि तो वर जाऊन झोपला."

"पण इन्स्पेक्टर म्हणाला, हीटर इज फाइन," उल्का म्हणाली.

"तो आला तेव्हा फाइनच होता. मधल्या वेळात जोड पुन्हा बसवला होता. शशी सापडल्यापासून अँब्युलन्स येईपर्यंत घरात एकच माणूस होता." त्यांनी सूटकेसकडे पाहिलं. "वीस वर्षांच्या धुळीत एक पट्टा नवा कोरा आहे, अतुल. तुझ्या सूटकेसच्या मुठीवर आहे ना, त्याच टेपचा. असली कारखान्यातली टेप बाजारातल्या दुकानात मिळत नाही."

अतुल सूटकेसकडे बघत राहिला. नाकारायला त्याने तोंड उघडलं आणि मग त्याचे खांदेच खाली आले.

"दादानेच सांगितलं होतं," तो म्हणाला. "तू इंजिनिअर आहेस, वासाचं काहीतरी कर म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून सोडवला जोड. हसत होतो. मला पाण्याच्या शेगडीचं सुचलंच नाही, मधुताई. शप्पथ."

"तेवढी चूक झाली. पटतं मला. पुढचं सांग. आधी फोन केलास, की आधी जोड बसवलास?"

अतुलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"शशी तेव्हा गेलेलाच होता, सुनीती," बाई हळू म्हणाल्या. "दोन तास तरी झाले होते. डॉक्टर म्हणून सांगते. आधी फोन केला असता तरी काही फरक पडला नसता." मग त्या अतुलकडे वळल्या. त्यांना राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "पण त्यानंतर तू पोलिसांना फॉइल दाखवलीस. महिनाभर ही बाई नवऱ्याला मारलं म्हणून जेवत नाही, पोरगी आईशी बोलत नाही, आणि तू मूग गिळून बसलास. उद्या ही कोर्टात उभी राहून कबूल करणार होती, आणि तू सांगत होतास, वहिनी, जज समजून घेतील."

"मला भीती वाटली," अतुल म्हणाला. "नोकरी जाईल, खटला होईल. वाटलं, वहिनींना कोणी काही करणार नाही. नुसता अपघात म्हणतील."

"उद्या तू सांगशील."

"हो."

सुनीती हातांकडे बघत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं बाईंना वाटलं होतं, पण तसं काही दिसलं नाही. महिनाभराचा बधिरपणा एका आमटीच्या फोडणीने कसा जाणार.

उल्का आईकडे बघत होती. मग अचानक काकाकडे वळली.

"पण डॅडने का सांगितला तुला? त्याला तो वास आवडायचा. ही लव्ह्ड इट. मग कोणासाठी?"

अतुलने तिच्याकडे पाहिलं. त्याला उत्तर माहीत होतं हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं, आणि ते बाईंना दिसलं तसंच सुनीतीलाही दिसलं.

"दादा म्हणाला, की उल्काला—"

"मी सांगितलं होतं," सुनीती म्हणाली.

ती ताठ बसली होती. डोळ्यांत पाणी भरलं होतं, आणि आवाज घरातल्या कर्त्या बाईचा होता.

"मीच मागे लागले होते यांच्या. नव्या पडद्यांना वास लागतो म्हणून. रोजची कटकट. शेवटी कंटाळून सांगितलं असेल त्यांनी भावजींना. हो ना, भावजी?"

अतुलने मान खाली घातली. "हो, वहिनी."

मधुमतीबाईंनी खिडकीकडे पाहिलं. पडदे दहा वर्षांचे तरी होते, उन्हाने विटलेले.

"माझ्यापाशीसुद्धा बोलली होती ती," बाई म्हणाल्या. "पडद्यांचं."

उल्का उठली आणि आईच्या शेजारी, तिच्या कोटाला चिकटून बसली. "इट्स ओके, आई," ती म्हणाली. "तुला काय माहीत असणार."