वाकासाहून येणारा ठिपका

सात वर्षांची सारा बापाशी मराठीत बोलत नसे, हे शैलेंद्रचं क्योतोतलं एकमेव दुखणं. तो हौसेने विचारी, "शाळेत काय झालं गं आज?" आणि ही नाक ओढत जपानीत पुटपुटे, "बेत्सुनी." म्हणजे काही नाही. आई जपानी, शाळा जपानी, पोरीचा काय दोष? पण आपली भाषा आपल्याच घरात परकी झालेली बघून त्याचा जीव तुटे.

विद्यापीठात तो उपग्रहांचे बनावट सिग्नल ओळखायचं काम करी. युद्धनौका असले सिग्नल सोडतात आणि भोवतालची जहाजं आपण भलतीकडेच आहोत असं समजून चालतात. विद्यार्थ्यांना तो सांगे, "खरा सिग्नल हजारो किलोमीटरवरून येतो. दुबळा, खरखरता. बनावट मात्र जोरकस आणि स्वच्छ. म्हणून तर यंत्र खऱ्याला सोडून त्याला धरतं!"

मे महिन्यातल्या त्या दुपारी जपानच्या समुद्रात कुणाचा तरी नौदल सराव चालू होता. अचानक शहरभरचे नकाशे बिघडले. बसथांब्यांवरचे फलक काहीच्या बाही दाखवू लागले, टॅक्सीवाले रस्त्याच्या कडेला थांबून राहिले. साराच्या दप्तरात, इथल्या पुष्कळ मुलांच्या असतो तसा, ठावठिकाणा कळवणारा छोटा ट्रॅकर होता. शैलेंद्रच्या मोबाईलवर तिचा ठिपका क्योतोच्या उत्तरेला, वाकासाच्या किनाऱ्यापलीकडे, भर समुद्रात दिसला. कारण ठाऊक होतं, तरी त्याला राहवेना. तो सायकल दामटत घरी पोचला.

सारा दारातच उभी होती. "बाबा! केवढी धाप लागलीय तुला! पाणी आणू?"

लख्ख मराठी! शैलेंद्रला रडूच फुटलं. त्याने तिला उचलून घेतलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे नकाशे ताळ्यावर आले. साराचा ठिपका तेवढा समुद्रातच राहिला. दुसऱ्या दिवशी तो किनाऱ्याला लागला आणि डोंगरांतून दक्षिणेकडे निघाला, पूर्वी वाकासाचे बांगडे पाठीवरून क्योतोला यायचे त्या जुन्या वाटेने. चाल लहान मुलाची. अंधार पडला की तो थांबे, उजाडलं की पुन्हा निघे. शैलेंद्रने ट्रॅकर दप्तरातून काढला, उघडला, बॅटरी वेगळी करून टेबलावर ठेवली. ठिपका चालतच होता.

सर्व्हरची गडबड असणार, असं त्याने स्वतःला समजावलं.

"सारा फार शहाणी झालीय," एका सकाळी त्याची बायको आयानो जपानीत म्हणाली. "चिडत नाही, नाक ओढत नाही, बोलताना एकदाही अडखळत नाही. मला तिची भीती वाटते, शैलेन."

"काहीतरीच तुझं!" तो खेकसला. इतक्या वर्षांनी पदरात पडलेल्या सुखाला कुणी नावं ठेवलेली त्याला सोसेना.

पण शनिवारी, आयानो कामावर गेल्यावर, त्याने चाचपून पाहिलं. "त्या दिवशी शाळेतून कुठल्या रस्त्याने आलीस गं? नदीकाठाने का?"

सारा पोळ्या लाटत होती. एवढीशी पोर, आणि पोळी गरगरीत गोल. ती हसली. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस, बाबा? विचार की सरळ."

ही म्हण त्याने तिला कधीच शिकवली नव्हती. तो तिचा आवाज ऐकत राहिला. जोरकस. स्वच्छ. कुठे खरखर म्हणून नाही.

तू कोण, असं विचारलं आणि तिने सांगून टाकलं तर?

मोबाईलवर ठिपका घराजवळच्या देमाचीच्या पुलावर आला होता. मग त्यांच्या गल्लीत. मग दाराशी.

बेल वाजली.

इंटरकॉमच्या पडद्यावर शाळेची पिवळी टोपी दिसली. "पापा," बाहेरून जपानीत पुटपुटल्यासारखं आलं, मागोमाग नाक ओढल्याचा आवाज. "दार उघड ना. पाय दुखतायत."

शैलेंद्रचा हात कडीकडे गेला.

मागून तिने त्याचं बोट धरलं. तिचा हात उबदार होता.

"ती तुझ्याशी कधीच बोलणार नाही, बाबा," ती म्हणाली. "मी बोलेन."

बेल पुन्हा वाजली. तो उभाच राहिला.

मग बेल थांबली. मोबाईलवरचा ठिपका वळला आणि त्याच बारक्या चालीने उत्तरेच्या वाटेला लागला.

"चल, पोळी गार होतेय."

शैलेंद्र हात धुऊन जेवायला बसला. थोड्या वेळाने त्याने आणखी एक पोळी मागितली.