तीन बोटं

तोंडी परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा इंग्वायनल कॅनालवर. म्हणजे जांघेच्या जरा वर, पोटाच्या भिंतीतून तिरकी उतरणारी वाट. तिला दोन तोंडं, एक आत, एक बाहेर. लांबी म्हणाल तर चार सेंटिमीटर! पण छत कुठलं, तळ कुठला, हे सांगताना तिची बोबडी वळायची. आज तिसरी खेप होती. ही हुकली की कॉलेज सुटलं, आणि घरी आईला काय तोंड दाखवणार?

म्हणून गेले पंधरा दिवस ती ओपीडीत ठाण मांडून होती. हर्नियाच्या पेशंटच्या जांघेवर तीन बोटं ठेवायची आणि म्हणायचं, खोका. तर्जनीला धक्का बसला तर आतडं आतल्या तोंडातून, लांबच्या वाटेने आलंय. मधल्या बोटाला बसला तर मागची भिंत ढकलून थेट. एवढं मात्र तिला पक्कं जमलं होतं.

आज परीक्षेच्या टेबलावर काका होते. तीस वर्षं याच डिसेक्शन हॉलचे शिपाई. अडलेल्या पोरांना मागून हळूच उत्तर सांगायचे. दोन्ही बाजूंना हर्निया, पण ऑपरेशन केलं नाही. पोरांना शिकायला राहू दे म्हणायचे. गेल्या वर्षी गेले, देह इथेच दिला. तिचा फार जीव होता त्यांच्यावर.

परीक्षा घेणाऱ्या सरांनी उजव्या बाजूचं कापड सारलं. मी उघडायच्या आत सांग म्हणाले, हर्निया कुठल्या वाटेचा?

फॉर्मॅलिनने ताठरलेल्या देहावरून हे कोण सांगणार? तिने तीन बोटं ठेवली. कातडी गार, लाकडासारखी.

"खोका, काका."

आता मेलेल्या माणसाला कोणी खोकायला सांगतं का? पण पंधरा दिवसांची सवय, तोंडातून निघून गेलं. रांगेतलं कोणीतरी फिस्सकन हसलं.

तर्जनीला धक्का बसला.

हलकाच. उबदार.

"आतल्या तोंडातून," ती कशीबशी म्हणाली. "लांबच्या वाटेने."

सरांनी चाकू चालवला. हर्नियाची पिशवी बरोबर तिथून आली होती. पास, ते म्हणाले, आणि तिला रडूच फुटलं.

सर तिच्याकडे बघत नव्हते. ते काकांच्या छातीवरचं कापड नीट करत होते.

"पुढच्याला डावी बाजू देतोय," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याला म्हणावं, खोकायला एकदाच सांग. दमतात ते."