बर्फ झाडणारी माणसं

मार्चमधल्या एका दुपारी मच्छिंद्रनं माझ्या केबिनच्या काचेवर टकटक केली, हातातला पत्र्याचा ट्रे काचेला लावला आणि विचारलं, "मॅडम, हे लोक काय करून राह्यलेत?"

जालन्याच्या एमआयडीसीत सळई बनवणारा एक कारखाना आहे, तिथं मी वजनकाट्यावर बसते. मच्छिंद्र भंगाराच्या यार्डात होता. परदेशातून कंटेनर भरून भंगार येतं. त्यातलं एखादं बंद सिलिंडर चुकून भट्टीत गेलं तर स्फोट होतो, म्हणून ढीग उपसून तपासायचं काम त्याचं. तोवर आमचं कधी बोलणं झालं नव्हतं. त्याला हेल्मेट मोठं होतं आणि तो ते सारखं मागं ढकलायचा, एवढंच मला माहीत होतं.

ट्रेवर एक गमतीचं चित्र होतं. गोठलेलं तळं, त्यावरून घसरत येणारा एक गोल दगड, आणि दगडाच्या पुढं दोन जाडजूड माणसं जिवाच्या आकांतानं बर्फावर झाडू मारतायत. एकाची टोपी उडालेली. दुसरा इतका रंगात आलेला, की तळं संपून रस्ता लागला तरी त्याचं झाडणं चालूच.

"झाडून राह्यलेत," मी म्हणाले.

"बर्फ?"

"दिसतंय तर तसंच."

"कशापायी?"

मला सांगता येईना. पण चित्र डोक्यातून जाईना. घरी मोबाईलवर शोधलं, आणि दुसऱ्या दिवशी मीच त्याला हाक मारून सांगितलं की तो एक खेळ आहे, त्याला कर्लिंग म्हणतात, पुढचा बर्फ घासला की दगड लांब जातो. त्यानं सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं.

"मंग आमची माय रोज सकाळी खेळती म्हणा की," तो म्हणाला... आणि मी केबिनमध्ये एकटी किती वेळ हसत बसले.

ट्रे ज्यात आला तो कंटेनर कॅनडाहून आलेला. त्यात असे बरेच ट्रे होते, सगळे एकाच चित्रकाराचे. मागं 'कॅनडाचा चित्रकार' एवढं छापलेलं वाचता यायचं. नाव गंजानं खाल्लं होतं. प्रत्येक ट्रेवर बर्फातला एकेक खेळ. मच्छिंद्र रोज चहाच्या सुट्टीत एक घेऊन यायचा आणि सुट्टी संपली की परत ढिगात टाकायचा, कारण यार्डातली वस्तू बाजूला ठेवायची नाही असा नियम होता. एका चित्रात हॉकीचे दोन्ही संघ हाणामारीत दंग आणि गोलकीपर निवांत पेपर वाचत बसलेला. एकात गाडीला जुंपायची कुत्री गाडीत ऐटीत बसलेली आणि मालक धापा टाकत गाडी ओढतोय.

चित्रांवरून गोष्टी निघत गेल्या. तो तीर्थपुरीचा, आयटीआय झालेला, घरी मोसंबीची बाग. मी टेंभुर्णीची, नोकरीसाठी जालन्यात साळूमावशीकडं राहते, हे मीही सांगितलं. एकदा तो म्हणाला, "चित्र संपत आले मॅडम. मंग काय दाखवायला येऊ?"

"रिकाम्या हातानं या," मी म्हणाले, आणि उगीचच पावत्या नीट लावत बसले. कान तापले होते.

त्यानं नुसतं हेल्मेट मागं ढकललं.

एक ट्रे मला फार आवडला होता. त्यावर स्केटिंग करणारं म्हातारं जोडपं होतं. आजोबा बर्फावर पाय पसरून पडलेले. आजीनं त्यांना एक हात दिलाय आणि दुसरा हात कमरेवर ठेवून त्या त्यांना रागावतायत. हा आजच्या दिवस राहू दे, असं मीच त्याला म्हटलं आणि तो ट्रे टेबलाखाली ठेवला. नेमके त्याच दुपारी यार्डाचे सुपरवायझर काकासाहेब केबिनमध्ये आले. टेबलाखालचा ट्रे त्यांना दिसला. तो कुणी दिला, त्यांनी विचारलं. मी गप्प. त्यांनी मच्छिंद्रला बोलावलं.

"म्या ठिवला," तो म्हणाला. "मॅडमला म्हाईत बी न्हाई."

मी तरीही गप्प राहिले. काकासाहेबांनी त्याला त्याच दिवशी कामावरून बंद केलं. जाताना त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मावशीला वाटलं, रविवारी अंबडहून मला बघायला पाहुणे यायचे होते त्याचं दडपण आलंय. तिसऱ्या दिवशी मी काकासाहेबांपुढं जाऊन उभी राहिले. ट्रे मी मागून घेतला होता आणि विचारल्यावर मी खोटेपणानं गप्प राहिले, हे सांगितलं. काढायचं तर मला काढा, म्हटलं. ते म्हणाले की वस्तू गेटबाहेर गेली नव्हती, त्यांनीही जरा घाई केली. दोघांनाही ताकीद, सोमवारपासून त्याला यायला सांग.

पण मच्छिंद्र फोन उचलेना.

शनिवारी रात्रीच्या जेवणाला मी मावशीला सगळं सांगितलं आणि पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवायला सांगितलं. ती रागावली, मग रडली. शेवटी तिनंच पाहुण्यांना फोन केला. रविवारी सकाळच्या एसटीनं मी तीर्थपुरीला गेले.

तो बागेत ठिबकची नळी जोडत होता. मला बघून उठला, पण जवळ आला नाही. मी सोमवारचा निरोप सांगितला.

"एवढ्यासाठी आल्त्या?" तो म्हणाला. "मेसेज टाकला असता तरी जमलं असतं."

"एवढ्यासाठी न्हाई."

तो थांबला.

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात आणि मी तोंड उघडलं नाही. माफी मागायला आले."

"का न्हाई उघडलं?"

"नोकरी जाईल म्हणून भ्याले. लोक काय म्हणतील, म्हणूनही..."

"अन् आता?"

"आता पण भीती वाटतीये. पण आले ना."

त्यानं हातातली नळी खाली ठेवली. "म्या तर तेव्हाच ठरवल्तं," तो हळूच म्हणाला, "रिकाम्या हातानं या म्हणाल्या तव्हाच. पण तुमी गप बसल्या, तर वाटलं... माझंच चुकलं समजण्यात."

"बराबर समजलं होतं."

एवढ्यात त्याची आई घरातून बाहेर आली. माझ्याकडं, त्याच्याकडं पाहून तिनं विचारलं, "कोण गं तू, बाई?"

तो उत्तर द्यायला निघाला. मी त्याच्या आधी बोलले.

"मी शालू. कारखान्यात यांच्यासोबत काम करते. यांच्याशी लग्न करावं म्हणते. तुम्हाला चालंल का, ते विचारायला आले."

मच्छिंद्र खाली बघत हसायला लागला. आईनं मला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं.

"उन्हातून आलीस," ती म्हणाली. "आधी पाणी पी. मंग बोलू."

आणि तिनं ओट्यावर माझ्यासाठी सतरंजी टाकली.