खारं पाणी आणि करंगळी

माझं काम धुण्याचं. एवढं शिकून शेवटी धुणीच का, म्हणून घरी सगळे हसतात. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी फोडायच्या, त्यांतलं एक प्रथिन चुंबकाच्या मण्यांवर पकडायचं आणि खाऱ्या पाण्यानं धूत राहायचं. पेशीच्या केंद्रकात एक ठिपका असतो, त्यात आरएनएचे इवलेसे तुकडे असतात, त्यांतल्या एकाला या प्रथिनानं घट्ट धरलेलं असतं. निरोगी रक्तात ती पकड थोड्याशा मिठानंही सुटते, आजारी पेशींत जरा जास्त लागतं. सुटली नाही तर फिल्मवर काळी पट्टी उमटते.

एका बाटलीतल्या पेशी माझ्या बाबांच्या होत्या. बाबा त्याच आजारानं गेले, त्या वाढत राहिल्या. चिवटपणा बाबांचाच. मी चाळिशीला टेकले तरी रस्ता ओलांडताना ते माझी करंगळी धरायचे.

"लोक हसतात हो, बाबा."

"हसू देत. लोक येणारेत का तुला पलीकडे सोडायला?"

समोर रस्ता नसला की मात्र कधी धरायचे नाहीत.

त्यांच्या पेशींतली पकड सुटेना. मी पाणी नव्यानं बनवलं, मीठ दुप्पट केलं, तरी पट्टी जागच्या जागी. मग प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तेच काम शेजारच्या टेबलावरच्या जाड्याला दिलं. त्याच्या हातून पहिल्या फटक्यात सुटली. माझ्या हातून पुन्हा नाही.

मॅडम मायाळू, पण कामात काटेकोर. "एकाच्याच हातून येतं ते उत्तर नसतं गं. या खेपेलाही असंच झालं तर बाटली टाकून देऊ."

बाबांचं तेवढंच उरलं होतं.

सगळे जेवायला गेल्यावर मी बाबांच्या पेशींची नळी हातात घेतली. शेजारी नेहमीसारखी दुसरी नळी होती, तुलनेला निरोगी रक्त हवं म्हणून माझ्याच रक्ताची.

"बाबा," मी हळूच म्हटलं, "सोडा आता. नाहीतर टाकून देतील तुम्हाला."

आणि दोन्ही नळ्या धुतल्या.

फिल्म निघाली, तेव्हा बाबांच्या नळीच्या रांगेत पट्टी नव्हती. मला रडूच आलं.

मॅडमनी फिल्म उजेडाला धरली. "बाटली राहू दे," त्या म्हणाल्या. मग त्यांचं बोट शेजारच्या रांगेवर थांबलं. तिथे पट्टी होती, काळीभोर.

"हे निरोगी रक्त कुणाचं गं?"

माझंच होतं. माझा हात खाली सोडलेला होता.

करंगळी तेवढी वाकली होती, आणि उबदार झाली होती.