बिनठोक्याचं हृदय

शर्वाने खेळण्यातला स्टेथोस्कोप आजोबांच्या छातीवर ठेवला, बराच वेळ कान देऊन ऐकलं आणि निकाल दिला, "आजोबा, तुम्ही बंद आहात."

"बंद? मग हा लाडू खातंय कोण?" नाना हसले. हसता हसता नाकातून रक्ताची धार लागली. या आठवड्यात तिसऱ्यांदा.

विभावरीने वडिलांच्या नाकाला रुमाल लावला. त्यांच्या छातीतलं यंत्रहृदय तिनेच घडवलेलं. त्यात ठोका नव्हता. एक चकती अखंड फिरायची आणि रक्त एकसारखं वाहायचं. "धक्का म्हणजे झीज," असं ती भाषणांत सांगे, लोक टाळ्या वाजवत. नानांना ते बसवताना डॉक्टर म्हणाले होते, थोडं थांबू, चाचण्या पुऱ्या होऊ देत. तिला धीर नव्हता.

चाचण्या आता पुऱ्या झाल्या होत्या. रक्तवाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. ओढ्यात शेवाळ झुकावं तशा त्या पेशी रक्ताच्या ओघात लांबट होतात, प्रत्येक ठोक्याचा ताण ओळखतात आणि भिंतीला सांगतात, आता सैल हो, आता आवर. ठोका गेला, तसं त्यांचं सांगणंही गेलं. भिंती लेच्यापेच्या झाल्या, नाजूक वाहिन्यांचं नुसतं रान माजलं.

"नाना, यंत्राला ठोका देता येईल. पण भिंतीची सवय मोडली आहे. फाटलीच तर..."

"आणि नाही दिला तर?"

"आज नाक. उद्या पोट, मेंदू."

नानांनी तळवे उलगडले. जन्मभर मल्लखांब शिकवलेले हात, पण घट्टे केव्हाच विरले होते. "लहानपणी हात सोलले की तू मलम मागायचीस. मी काय म्हणायचो?"

"घट्टा पडू दे. हात शिकतोय."

"मग विसरलीस कशी गं?"

आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

"पहिल्याच दिवशी खांबावर कुणी उलटं लटकत नाही," नाना म्हणाले. "हलकासा दे. सोसलं, तर उद्या आणखी."

इस्पितळात, शल्यचिकित्सक शेजारी सज्ज असताना, तिने चकतीचा वेग किंचित वाढवला, उतरवला, पुन्हा वाढवला. मग नानांचं मनगट धरून डोळे मिटले.

बोटाखाली काहीतरी हललं. पुन्हा हललं.

तो नानांचा ठोका होता, की भेदरलेल्या तिच्याच बोटातला?