बारा नंबरचा डबा

मी खुर्ची ओढून बसले, तर टेबलाखालून आवाज आला, "ताई, पाय जरा उचला."

मी दचकून उभीच राहिले. खालून एक जण निघाला... कपाळभर धूळ, दातांत स्क्रू. हा चंद्रभान. कळमेश्वरच्या कारखान्यातून आमच्या नव्या ऑफिसचे दिवे जोडायला आलेला.

"ताई कोणाला म्हणता?"

"मग काय म्हणू?" त्यानं स्क्रू हातात घेतला. "तुम्हीच सांगा."

मी मुद्दामच सांगितलं नाही. प्रेमलता हे नाव त्यानं तिसऱ्या दिवशी शिपायाकडून काढून घेतलं.

साल सत्त्याऐंशी. मी तिथली टायपिस्ट, आणि चार मजल्यांच्या दिव्यांची बटणंही माझ्याच टेबलावर बसवलेली. ती शिकवायला तो पंधरा दिवस माझ्या शेजारी बसला. मे महिना, कूलरमधल्या वाळ्याचा वास, आणि त्याचं ते हळू बोलणं — माझं लक्ष लागेल तर शपथ!

"हरेक खोलीत एक डबा," तो सांगायचा. "वायर एकच. तुम्ही बारा दाबलं, की ते सगळ्याच डब्यांले ऐकू जाते. पण ज्याचा नंबर बारा, तोच दिवा लावते. बाकीचे गुपचूप बसतेत."

"आणि आपला नंबर त्याले कसा समजते?"

त्यानं एका डब्याचं झाकण काढलं. आत इवलेसे आठ खटके. "हा एकाचा, मग दोनाचा, चाराचा, आठाचा... चार आन् आठ वर केले, झाले बारा."

"एकाचाही वर केला तर?"

"तर तो तेरा झाला. पण खरा तेरा तिकडे आधीच बसला आहे. मग दोघंही संगंच पेटतील." तो गालात हसला. "असं करा लागत नाही."

शुक्रवारी चहा पिता पिता तो म्हणाला, "उद्या साहेबांची सही झाली, की संध्याकाळच्या गाडीनं रायपूर. दोन वर्षांचं काम आहे."

"हो का... बरं आहे." एवढंच आलं माझ्या तोंडून. दोन वर्षं, आणि हा गृहस्थ बशीत फुंकर मारून राहिला होता! मला बसवेना, उठवेना. तो जेवायला गेला, तशी मी मीटिंगच्या खोलीत शिरले, बारा नंबरचा डबा उघडला आणि नखानं एकाचा खटका वर केला.

शनिवारी मनोहरराव साहेब तपासणीला आले. तेरा दाबलं, तर रेकॉर्डच्या खोलीबरोबर मीटिंगची खोलीही उजळली. बारा दाबलं, तर कुठंच काही नाही. सही झाली नाही. चंद्रभान राहिला.

मी मनातल्या मनात नाचले, खोटं कशाला बोलू? पुढचे दोन-तीन दिवस तो डबे उघडायचा, वायरी चाचपायचा, मान हलवायचा. मध्येच माझ्याकडे पाहायचा, आणि मी घाईघाईनं टाईप करायला लागायची.

बुधवारी साहेबांनी एक पत्र टाईप करायला दिलं. कारखान्याला कळवायचं होतं, की तुमच्या माणसाला काम येत नाही, त्याला कमी करा. मला चार दिवस जास्त हवे होते, आणि त्यापायी त्याची नोकरी जाणार होती. कागद मशीनमधून ओढला आणि तशीच केबिनमध्ये गेले. तो तिथंच उभा होता, खाली मान घालून.

"साहेब, खटका मी बदलला. यांची काही चूक नाही."

मनोहररावांनी चष्मा काढला. "काहून?"

"हे... रायपूरला जाऊन राहिले होते, म्हणून."

माझे कान तापले. वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

"साहेब," चंद्रभान म्हणाला, "मले शनिवारीच दिसलं होतं."

"मग सांगितलं काहून नाही?" मी साहेबांसमोरच त्याच्यावर उखडले. "नोकरी चालली होती ना तुमची."

"सांगितलं असतं तर तो खटका खाली करा लागला असता." आता तो सरळ माझ्याकडे पाहत होता. "आन् मग गाडी पकडा लागली असती."

मनोहररावांनी पत्र माझ्या हातून घेतलं आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. "आधी तो दिवा नीट करा. दोघंही जा."

मीटिंगच्या खोलीत त्यानं झाकण उघडून धरलं, खटका मी खाली केला. आमची बोटं लागली... दोघांनीही ती काढली नाहीत.

"गाडी आता सोमवारची," तो म्हणाला. "दिवाळीत आईले घेऊन येतो तुमच्या घरी. चालते?"

"दिवाळीत?" मला तर पाच मिनिटं धीर धरवत नव्हता. "सोमवारच्या आधी रविवार येते ना? तेव्हाच आणा त्यांले."