मधे कोण?

ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. आमचे दाजीही असल्या गोष्टींना पोट धरून हसायचे.

आता हसत नाहीत.

ही गोष्ट माझ्या सख्ख्या ताईच्या घरी घडलेली आहे. अर्धी मला दाजींनी सांगितली, अर्धी ताईने. दोघांनी वेगवेगळी सांगितली, आणि का ते पुढे कळेलच. यात माझ्या पदरचा एक शब्द नाही. मीठमसाला लावायची ही गोष्टच नाही.

आणि एक आधीच सांगतो. रात्र नव्हती. भुताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो गैरसमज काढून टाकावा. दुपार कलत होती, आणि अंगणात लख्ख उजेड होता.

दाजी मेकॅनिक. पाण्याचे पंप, गवत कापायची मशीन, जनरेटर, चेनसॉ, असली छोटी इंजिनं दुरुस्त करतात. घराला लागूनच वर्कशॉप. माणूस हुशार, पण तोंडाने फटकळ. त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "इंजिनाला पेट्रोल लागतं, हवा लागते, ठिणगी लागते. चौथं काही नसतं."

त्या आठवड्यात त्यांच्याकडे एक चेनसॉ आली होती. झाडं कापायची साधी, हातात धरायची मशीन. उंच्याची. उंच्या म्हणजे त्यांच्या भागातला झाडं पाडणारा माणूस. कितीही उंच झाडावर सरसर चढायचा, म्हणून सगळे त्याला उंच्याच म्हणायचे.

तक्रार एकच. चालू होत नाही.

दाजींनी प्लग बदलला. ठिणगी निळीशार. जुनं पेट्रोल फेकून नवं भरलं. हवेचा फिल्टर धुतला. कार्ब्युरेटर खोलून साफ केला, परत बसवला. सगळं ठणठणीत. मग दोरी ओढली...

काहीच नाही.

साधी फुरफुरलीसुद्धा नाही. बिघडलेलं इंजिन निदान खोकतं तरी. ही मशीन मुकाट बसून राहायची. दाजींना तो स्वतःचा अपमान वाटला. "ही बया माझी परीक्षा बघतेय," असं म्हणत त्यांनी ती परत खोलली, परत जोडली. जेवायला हाक मारली तरी उठेनात.

उंच्या रोज डोकावायचा. आणि रोज विचारायचा, "मिस्त्री, सापडला का बिघाड?"

"बिघाड असेल तर सापडेल ना!" दाजी खेकसायचे.

हे ऐकून उंच्याचा चेहरा पडायचा. दाजींना त्याचं नवल वाटायचं. बिघाड नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक खूश होतं. हा मात्र आणखीच खचून परत जायचा.

मग ते वादळ आलं.

अर्धा तासच असेल, पण होत्याचं नव्हतं झालं. घरामागच्या अंगणात एक सुटी खोली आहे. दाजींची आई तिथेच राहायची. घरात टीव्हीचा आवाज नको, म्हणून तिनेच हट्टाने ती खोली मागून घेतली होती. दुपारी जेवून ती तिकडे पडायला गेली होती. कुंपणाजवळचं जुनं झाड मुळासकट उपटलं आणि थेट त्या खोलीवर आलं. शेंडा छपरापलीकडे गेला, फांद्यांनी मागची खिडकी बुजली, आणि बुंधा दारावर रेलला.

दार बाहेर उघडणारं. म्हणजे उघडायचा प्रश्नच मिटला.

"आई!" दाजी ओरडले.

"आहे रे, बाळा," आतून आवाज आला. "लागलं नाही मला. पण धूळ फार झालीय..."

दाजींचा जीव भांड्यात पडला. पण क्षणभरच. कारण लगेच आतून खोकला सुरू झाला.

आईला दमा होता. श्वासाचा पंप नेहमी तिच्या उशाशी असायचा. त्या दिवशी जेवताना ती तो घरात आणून विसरली होती. ताईने पाहिलं, तर पंप जेवणाच्या टेबलावर.

अग्निशमन दलाला फोन लावला. ते म्हणाले, सगळीकडे झाडं पडलीत, रस्ते बंद आहेत, येतो पण वेळ लागेल. शेजारचे सुतारकाका करवत घेऊन धावले. बुंधा ओला आणि जाड. करवत निम्म्यात अडकली, पुढे जाईना, मागे येईना. भिंत फोडावी तर तिला आधीच तडा गेलेला. घण घातला असता तर छप्पर आईच्या डोक्यात आलं असतं.

दाजी वर्कशॉपमध्ये पळाले. दुरुस्त झालेल्या सगळ्या मशीन लोक घेऊन गेले होते.

उरली होती एकच.

उंच्याची.

त्यांनी ती उचलली, बुंध्यापाशी आणली. पायाने दाबून धरली. चोक ओढला. दोरी खेचली.

काही नाही.

पुन्हा खेचली. पुन्हा. दोरी नुसती आत-बाहेर होत होती. दाजींनी तिथेच चिखलात बसून प्लग काढला. वाटलं, पेट्रोल जास्त आलं असेल. प्लग कोरडा! पुसला, बॉडीला टेकवून पाहिला. ठिणगी पडतेय. परत लावला. खेचली.

शांत.

"बाळा..." आतून आवाज आला. अगदी दारामागून. "जमतंय का रे?"

"जमतंय, आई! तू बोलू नकोस. दम लागेल. मी आहे ना!"

दाजी सांगतात, तो आवाज इतका जवळून आला की त्यांना धीर आला. आई जवळ आहे, ऐकू येतंय, बस. त्यांचं लक्ष पुन्हा मशीनकडे. हाताला फोड आले होते. नट हातातून निसटत होते. डोळ्यातलं पाणी पुसायलाही वेळ नव्हता.

शेवटी वैतागून त्यांनी उंच्याला फोन लावला.

"काय भानगड आहे तुझ्या मशीनची? माझी आई अडकलीय आत!"

मग उंच्याने विचारलं...

"मिस्त्री, तुम्ही हाक मारलीत का?"

"कुणाला?"

"दोरवाल्याला."

आता हे समजून घ्या. उंच्या आणि त्याचा धाकटा भाऊ जोडीने काम करायचे. उंच्या मशीन धरायचा. भाऊ झाडाच्या पलीकडे दोर धरून उभा राहायचा, झाड कुठे पडणार ते बघायला. त्यांची कामाची पद्धत होती. मशीन चालू करण्याआधी उंच्या ओरडायचा, "मधे कोण?" भाऊ सगळीकडे नजर टाकून उत्तर द्यायचा, "मोकळं!" मगच दोरी ओढायची. कितीही घाई असो.

एके दिवशी उंच्याने हाक मारली, आणि उत्तराची वाट न बघता दोरी ओढली. दोर एका फांदीत अडकला होता, म्हणून भाऊ तो सोडवायला झाडाखाली गेला होता.

"तेव्हापासून अशी आहे ती," उंच्या म्हणाला. "हाक मारल्याशिवाय चालू होत नाही. आणि तिकडून उत्तर आल्याशिवाय नाही. मला वाटलं, तुम्हाला एखादा बिघाड सापडेल. साधा, मशीनमधला बिघाड. म्हणून आणली होती हो तुमच्याकडे."

एरवी दाजींनी त्याला वेड्यात काढलं असतं.

"आणि उत्तर नाही आलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर कुणीतरी मधे आहे. त्याला बाजूला करा. तोवर कितीही ओढा, उपयोग नाही."

दाजींनी फोन ठेवला. सुतारकाका बघत होते. लाजायला वेळ नव्हता. दाजी उभे राहिले आणि ओरडले,

"मधे कोण?"

कुणी बोललं नाही.

नुसतं पागोळ्यांचं पाणी ठिबकत होतं. दाजींनी आजूबाजूला पाहिलं. सुतारकाका बुंध्याच्या उतारावर उभे होते. त्यांना हात धरून लांब नेलं. एक कुत्रं भिंतीच्या आडोशाला बसलं होतं. त्याला हाकललं. ताई मागे खिडकीकडे गेली होती, म्हणजे तिचा प्रश्न नव्हता.

"मधे कोण?"

उत्तर नाही.

पण त्यांना झाडापलीकडून एक आवाज आला. जाड, ओला दोर ताणला की येतो तसा. कर्र... कर्र...

तिथे दोर नव्हता. दाजींनी वाकून पाहिलं. कुणीही नव्हतं.

तरीही त्यांनी रागाने दोरी खेचली. खेचत राहिले. "अरे, अंगण रिकामं आहे! कोण आहे मधे? माझी आई मरेल रे!" हे ते कुणाला ओरडत होते, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आतला खोकला थांबला होता. दाजींना वाटलं, बरं झालं, जरा आराम पडला.

कर्र... कर्र...

आणि मग तोही आवाज थांबला. दोर सैल सोडल्यासारखा.

दाजींनी सगळा जीव एकवटून पुन्हा हाक मारली.

"मधे कोण?"

आणि झाडापलीकडून, अगदी स्पष्ट, एका तरुण माणसाचा दमलेला आवाज आला...

"मोकळं."

एका झटक्यात मशीन सुरू झाली.

दाजींनी विचार केला नाही. भुसा उडत होता, मशीन लोण्यातून फिरावी तशी चालत होती. बघता बघता बुंधा तुटला. वरचा भाग करकरत खाली सरकला आणि दारावर बसला. दार फळ्यांसकट आत कोसळलं.

धूळ खाली बसल्यावर दाजी आणि सुतारकाका आत धावले. दोघांनी मिळून फळ्या उचलल्या.

आई फळ्यांच्या खालीच होती.

दाराला पाठ टेकून बसली होती ती. मुलाचा आवाज ऐकू यावा म्हणून.

दाजींनी फोडलेला टाहो अख्ख्या गल्लीने ऐकला. आपणच आईला मारलं, असं म्हणत ते डोकं आपटून घ्यायला लागले. त्यांना आवरायला चौघे लागले. गल्लीतले डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि दाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"तसं नाहीये. दार पडण्याआधीच श्वास थांबला होता. तुमच्या हातून काही झालेलं नाही."

सगळे म्हणाले, चला, निदान तेवढं तरी. दाजींना धीर आला असेल असं त्यांना वाटलं. दाजी मात्र एकाएकी रडायचे थांबले आणि पांढरेफटक पडले.

कारण त्यांना तेव्हा कळलं.

आई दारातच होती. पहिल्यापासून. म्हणून उत्तर येत नव्हतं. त्यांनी अंगण पाहिलं, कुत्रं हाकललं, पण दाराच्या आत कोण आहे हे त्यांच्या मनातच आलं नाही. आणि आई तिथून हललीच नव्हती, तरीही त्याने मोकळं म्हणून सांगितलं...

उंच्या दुसऱ्या दिवशी आला. जाताना मशीन घेऊन गेला. ती त्याने कुठे टाकली, पुरली की अजून ठेवलीय, आम्ही विचारलं नाही.

इथवरची गोष्ट दाजींनी सांगितलेली.

आता ताईने सांगितलेली.

ती खिडकीकडे गेली होती ना, ती पंप घेऊन. पडद्याच्या दांडीला तिने पंप बांधला आणि फांद्यांमधून कसाबसा आत सरकवला. तो आत कॉटजवळ पडला. ताईने हाका मारल्या, "आई, पंप टाकलाय! खिडकीपाशी या! कॉटजवळ आहे बघा!"

आतून आईचा आवाज आला. तुटक तुटक. धापा टाकत.

"येते गं... हाही तेच म्हणतोय मघापासून... दारातून ऊठ म्हणतोय. हात पुढे करतोय बिचारा... पण पायात जीवच नाही गं माझ्या..."

ताईला वाटलं, श्वास कोंडलाय म्हणून भ्रम झालाय. तिने विचारलंही, "कोण म्हणतोय, आई?"

"हा काय... भिजलाय नुसता. दोर आहे खांद्यावर."

त्यानंतर आई बोलली नाही. थोड्या वेळाने पुढून मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. आणि ताईने देवाचे आभार मानले.

तिने हे दाजींना अजून सांगितलेलं नाही. "दारामागे बसल्यात," एवढं ओरडून सांगितलं असतं, तर दाजींनी आईला ओरडून, रागावून, कसंही करून बाजूला व्हायला लावलं असतं... असं ताईला वाटतं. ते खरं की खोटं, कोण सांगणार? मला सांगतानाही ती दाराकडे बघत होती, दाजी येतील म्हणून.

दाजी आता मशीन दुरुस्त करतात, पण फारसं बोलत नाहीत. मी गेलो की बाहेर येऊन माझ्याजवळ बसतात. आणि दरवेळी एकच विचारतात.

"त्याला माहीत होतं ना रे, ती दारात बसलीय? मग मला नाही तर नाही... तिला तरी सांगायचं होतं. ऊठ म्हणून. तेवढं का नाही सांगितलं त्याने?"

आत भांड्यांचा आवाज एकदम थांबतो. ताई ऐकत असते.

आणि मी विषय बदलतो.